जैसे थे

अमळनेरच्या दिवाणी कोर्टात मी बेलिफ होतो,
म्हणजे कागद आणि माणूस यांच्यामधली सायकल.

त्या दिवशी निशाणी पाचवर हुकूम झाला:
पुढील आदेशापर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवावी.
शिक्क्याची शाई ओली होती,
शिरस्तेदारांनी दोनदा फुंकर घातली
आणि मी बोरीचा पूल ओलांडून निघालो.

गल्लीत भिंत चालू होती,
ओंकार बडगुजर आणि पुंजू शिंपी
यांच्या अंगणांना कापत
कमरेइतकी वर आलेली.
गवंडी रज्जाक. एका हातात वीट,
दुसऱ्यात थापी, थापीवर माल.
मी हुकूम वाचला.
तो म्हणाला, हातातली तेवढी लावू का?
मी कागद पुन्हा पाहिला.
त्यात हातातल्या विटेबद्दल काही नव्हतं.
म्हटलं, नको.

घमेल्यातला माल संध्याकाळपर्यंत दगड झाला.

मग तारखा.
साहेब रजेवर, वकील जळगावला,
साहेबांची बदली गडहिंग्लजला, नवे साहेब अजून वाटेत.
रेकॉर्ड वरच्या कोर्टानं मागवलं, ते गेलं ते गेलंच,
आणि वरून हुकूम आला की खालचं कामकाजही थांबवा,
म्हणजे थांबलेलं थांबवा.
मी हे पुंजूभाऊंना ओट्यावर बसून समजावायचो.
समजावता समजावता मलाच कळेनासं व्हायचं,
मग ते मला पाणी द्यायचे.

पाचव्या वर्षी भिंतीच्या फटीत पिंपळ उगवला.
बडगुजरांचा अर्ज: सदर झाडामुळे जैसे थे परिस्थितीचा भंग.
साहेब तरुण होते. विचारलं, लावला कोणी?
दोन्ही वकील उठले आणि बसले.
पाखरानं, मागून कोणीतरी म्हणालं.
नोटीस निघाली असती तर बजावायची मीच,
मी उगाच खिडकीबाहेरच्या लिंबाकडे पाहिलं.
पुंजूभाऊंची सून केसर बाकावरून पुटपुटली,
"कोर्टनी भिंत थांबाडी, झाडले कोन थांबाडी?"
साहेबांनी ऐकलं असावं.
पुढची तारीख जवळची दिली.

मधल्या एका उन्हाळ्यात
माझी शेवंता धुळ्याच्या सिव्हिलमध्ये बावीस दिवस होती.
रोज सकाळी विचारायचो, कशी आहे?
नर्स फाइल न उघडता म्हणायची, जैसे थे.
हा शब्द मी किती दारांवर चिकटवला,
खळ लावून, पंच बोलावून,
आणि आत कोणाला काय वाटतं ते न बघता
सायकलला टांग मारली.
आता वाटायचं, राहू दे असंच.
तारीख पडू दे. पुढची, त्याच्या पुढची.
तेविसाव्या दिवशी हुकूम उठला.

रिटायर व्हायला महिना राहिला होता तेव्हा
ते प्रकरण निघालं.
ओंकारभाऊ वारले होते, वारस पुण्याला,
पुंजूभाऊंना ऐकू येत नव्हतं.
पुकारा तीनदा झाला.
दोन्ही पक्ष गैरहजर, दावा निकाली, मनाई रद्द.
पानभर सुद्धा नव्हता तो कागद.
टपालानं पाठवला असता तरी चाललं असतं,
पण मी म्हटलं, नेतो.

चैत्र होता. भिंतीवर जुनं धोतर अंथरून
केसर बिबडे घालत होती,
पलीकडून ओंकारभाऊंची विधवा वाटीनं पीठ पुरवत होती.
कमरेइतकी उंची त्या कामाला बरोबर होती.
पिंपळ एका बाजूला छाटून ठेवलेला, ऊन अडू नये म्हणून.
रज्जाकची ती वीट
बडगुजरांच्या दाराला टेकण झाली होती,
वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून.

मी चष्मा काढला, कागद उलगडला,
आणि पूर्वीसारखा मोठ्यानं वाचला:
स्थगिती उठवण्यात येत आहे,
उभय पक्ष आपापल्या हक्काप्रमाणे
बांधकाम करण्यास मोकळे आहेत.

दोघींनी ऐकून घेतलं.
केसरनं पिठाचा हात कोपरानं पुसला, म्हणाली,
"बाजूले व्हय भाऊ, बिबडासवर सावली पडस."

मी बाजूला झालो.
सायकलची सीट तापली होती,
थोडा वेळ तिच्यावर कागद धरून उभा राहिलो.